फोन खाली ठेवण्याची वेळ

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी समाजमाध्यमांच्या सवयीविषयीची तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील नेहमीप्रमाणे गाळले आहेत.

प्रश्न : मी शेहेचाळीस वर्षांची असून एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. रात्री साडेदहाला सगळे आवरून अंथरुणाला पाठ टेकली की पाच मिनिटे म्हणून फोन हातात घेते, आणि डोळे चुरचुरू लागतात तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात. काय पाहिले, असे सकाळी कुणी विचारले तर एखादी पाककृती आणि कुणाच्या तरी हळदीतला नाच यापलीकडे काही आठवत नाही. इन्स्टाग्राम दोनदा काढून टाकले; पहिल्यांदा चार दिवसांत आणि दुसऱ्यांदा नऊ दिवसांत परत घेतले. मुलगा दहावीला आहे. त्याला फोनवरून बोलले तर तो म्हणाला, “आई, आधी तू ठेव.” शाळेच्या ग्रुपवर रात्री-अपरात्री सूचना येत असल्यामुळे फोन बंदही करता येत नाही. माझाच निग्रह कमी पडतो आहे का?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : निग्रहाचा विषय आधी बाजूला ठेवू, कारण ज्या वस्तूशी तुमची झुंज चालली आहे ती मुळात निग्रह दमवण्यासाठीच घडवलेली आहे. पूर्वी संकेतस्थळावरचे पान संपत असे, तळाशी ‘पुढील पान’ असे लिहिलेले असे, आणि ते दाबण्यापूर्वी क्षणभर का होईना, हात थांबत असे. २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने खाली सरकत जावे तसा पुढचा मजकूर आपोआप येत राहील अशी रचना तयार केली. पुढे त्यानेच तिच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. वर्तमानपत्र संपते, मालिकेचा भाग संपतो, शेजारणीच्या गप्पासुद्धा कुकरची शिट्टी झाली की संपतात. रील मात्र संपत नाही. त्यात प्रत्येक रील आवडत नाही, हे आणखी घातक आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत असे दिसून आले होते की, कळ टोचल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतर अधिक वेगाने आणि अधिक चिकाटीने टोचत राहते. पंधरा कंटाळवाण्या रीलनंतर सोळावी हसवून जाते, आणि त्या सोळावीच्या आशेवर आपण पुढच्या तीस पाहतो.

परंतु तुमच्या पत्रातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग निराळाच आहे. पहाटेच्या डब्यापासून रात्रीच्या ओट्यापर्यंत तुमच्या दिवसात कुणी हाक मारणार नाही असा वेळ रात्री साडेदहानंतरच येतो. तो वेळ तुमचा स्वतःचा आहे आणि तो तुम्हाला हवा आहे, यात गैर काहीही नाही. तुम्ही दोन्ही वेळा इन्स्टाग्राम काढले, पण त्या दोन तासांच्या जागी काहीच ठेवले नाही. रिकामी जागा चार दिवसांत भरली गेली, यात नवल ते काय. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, हा वेळ रात्रीतून काढून संध्याकाळी आणावा. जेवणानंतरची झाकपाक पतीने आणि मुलाने करावी, आणि त्या अर्ध्या तासात तुम्हाला रील पाहायच्या असतील तर त्या बैठकीच्या खोलीत, दिवा लावून, सरळ पाठीच्या खुर्चीवर बसून पाहाव्यात. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आडवे पडून दोन तास सहज जातात आणि खुर्चीवर पाऊण तासात पाठ बोलू लागते.

दुसरी सूचना फोनच्या जागेची. ‘गजरासाठी लागतो’ ही सबब घराघरात ऐकू येते. त्यासाठी साधे गजराचे घड्याळ आणावे आणि चार्जर स्वयंपाकघरात न्यावा. आमच्या घरात सगळ्यांचे फोन रात्री दहानंतर धान्याच्या डब्यांवरच्या फळीवर असतात. तिथवर जायला अंधारात बारा पावले चालावी लागतात आणि तेवढा आळस आमच्यात सुदैवाने आहे. फोनमध्येच ‘डिजिटल वेलबीइंग’ किंवा ‘स्क्रीन टाइम’ या नावाने वेळमर्यादा घालण्याची सोय असते, पण तिच्यावर फार विसंबू नये. ही मर्यादा मध्यरात्री नव्याने सुरू होते, त्यामुळे बारा वाजता जागे असणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवसाचा कोटा आयताच मिळतो.

शाळेच्या ग्रुपपुरते सांगायचे तर, ग्रुप ‘म्यूट’ करून मुख्याध्यापकांना एवढेच कळवावे की रात्री नऊनंतरची तातडीची सूचना असेल तर फोन करावा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही ठरावीक व्यक्तींचे किंवा लागोपाठ दुसऱ्यांदा आलेले फोन वाजू देण्याची सोय असते, आणि फोन फळीवर असला तरी त्याची घंटा खोलीत ऐकू येते. रात्री अकराला आलेल्या सूचनेवर ‘ओके मॅडम’ लिहिणारे पहिले तिघे कोण, याची नोंद कुणी ठेवत नसते.

आता मुलाविषयी. तो उद्धटपणे बोलला असेल, पण बरोबर बोलला. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथे करोनाच्या काळात मुलांच्या हाती अभ्यासासाठी आलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव झाला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत घरातले टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला आणि मोठी माणसे वाचायला किंवा बोलायला बसणार, असा तो ठराव होता. सुरुवातीला हे अनेकांना हसण्यावारी नेण्यासारखे वाटले. आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक यांना घरोघर फिरून समजावावे लागले. या भोंग्याची खरी ताकद मला एकाच गोष्टीत दिसते : तो मुलांसाठी वेगळा आणि बापासाठी वेगळा वाजत नाही. तुमच्या घरी भोंग्याची गरज नाही, पण सात ते साडेआठ या वेळात त्या फळीवर एक नव्हे, तीन फोन दिसले पाहिजेत, आणि पहिले काही दिवस सर्वांत आधी ठेवला जाणारा फोन तुमचा असावा. दहावीच्या मुलाला यावर वेगळे व्याख्यान लागत नाही.

पूर्ण सोडण्याचा हट्ट मात्र धरू नये. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील १४३ विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही विद्यार्थ्यांना तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला दहा मिनिटेच वापरायला सांगितले होते, आणि त्यांच्यातील एकटेपणाची व खिन्नतेची भावना इतरांच्या तुलनेत कमी झालेली आढळली. म्हणजे त्यांचा वापर आखला होता, थांबवला नव्हता.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार विषय राहिले आहेत. दिवसा झोपतो, रात्रभर फोनवर असतो, आमच्यासोबत जेवायला बसत नाही. मागच्या आठवड्यात वडिलांनी वाय-फाय बंद केले तेव्हा त्याने ताट भिरकावले. फोन काढून घ्यावा का?
— एक आई, पिंपरी-चिंचवड

उत्तर : नाही. आणि वरच्या पत्राला दिलेले उत्तर तुम्हाला लागू नाही, हेही स्पष्टपणे सांगते. जागरण, एकलकोंडेपणा, अभ्यास सुटणे आणि जेवणाची तऱ्हा बदलणे ही लक्षणे एकत्र दिसतात तेव्हा फोन हे अनेकदा कारण नसून आडोसा असतो. मुलगा कशापासून लपतो आहे, हे आधी कळले पाहिजे : नापास झाल्याची लाज, नकोसा विषय, नैराश्य, की आणखी काही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, खेळांच्या व्यसनाचा म्हणजे ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे, समाजमाध्यमांच्या वापराला तसा स्वतंत्र आजार मानलेले नाही. त्यामुळे ‘त्याला मोबाइलचे व्यसन आहे’ असे घरीच ठरवून मोकळे होऊ नये. मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे आणि निदान त्यांना करू द्यावे.

केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती चोवीस तास आणि विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते, आणि मुलगा तयार नसेल तर आधी तुम्ही स्वतः फोन करू शकता. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचे स्वतंत्र क्लिनिक चालते, परंतु एवढ्या लांब जाण्याआधी जवळच्या शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभाग गाठावा. तोवर वाय-फायवरून भांडण काढू नका. त्याच्या खोलीच्या दाराशी चहा घेऊन जा आणि परीक्षेचे नाव काढू नका. जगण्यात अर्थ नाही असे तो एकदा जरी म्हणाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. थट्टेत बोलला असेल, असे समजू नका.

प्रश्न : माझे वय एकाहत्तर. मुलगी न्यू जर्सीत असते. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये चौसष्ट माणसे आहेत. सकाळी सहापासून फुलांची चित्रे, सुविचार, मग राजकारण आणि त्यावरून माझे आणि माझ्या साडूंचे वाद. रक्तदाब वाढला आहे. व्हॉट्सॲप काढून टाकावेसे वाटते, पण नातवाचे तोंड मग दिसणार कसे? ग्रुप सोडला तर सगळे रागावतील.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : नातू आणि साडू एकाच फोनमध्ये राहतात, पण त्यांना एका मापाने मोजण्याचे कारण नाही. ग्रुप सोडू नका, त्याचे निमित्त होऊन आणखी चार महिने चर्चा चालेल. तो ‘म्यूट’ करताना ‘नेहमीसाठी’ हा पर्याय निवडा आणि नंतर ग्रुप ‘अर्काइव्ह’ करा, म्हणजे तो यादीतून दिसेनासा होईल आणि कुणालाही त्याचा पत्ता लागणार नाही. चित्रे आपोआप उतरून घेण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करा. फोन भरल्याची तक्रार निम्म्याने कमी होईल. ग्रुप उघडायचा तो दुपारच्या चहानंतर, दिवसातून एकदा, वाढदिवस आणि वाईट बातम्या पाहण्यापुरता. राजकारणावर साडूंशी बोलायचेच असेल तर त्यांना घरी जेवायला बोलवावे. समोर बसलेला माणूस जेवताना इतके कडवट बोलत नाही, आणि बोललाच तर कोशिंबीर पुढे करता येते.

मुलीचा व्हिडिओ कॉल मात्र ‘वेळ मिळेल तेव्हा’ वर सोडू नका, कारण त्या वाट पाहण्यातच माणूस दिवसभर फोन तपासत बसतो. शनिवारी संध्याकाळी साडेसात ही वेळ ठरवून टाका. तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात. फोन हातात धरून बोलण्यापेक्षा जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतील आणि नातवाला आजोबांच्या कपाळाऐवजी आजोबा दिसतील. नोव्हेंबर ते मार्च तिकडची घड्याळे तासभर मागे असतात, तेव्हा साडेसातला तिथे नऊच वाजतील आणि नातू कदाचित दात घासत असेल. त्या महिन्यांत साडेआठची वेळ धरावी.