ड्रायव्हरची ट्यूब निवडताना
ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुट ट्यूबला सिग्नल पुरवते ती ड्रायव्हर ट्यूब. ती नुसता गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) बघून घेऊ नकोस. पुढच्या आउटपुट ट्यूबच्या ग्रिडला (सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला) किती व्होल्ट लागतात, ते आधी बघ. ईएल८४ या आउटपुट ट्यूबचं दहाएक व्होल्टांत भागतं. ३००बी या आउटपुट ट्रायोडला मात्र पूर्ण ताकदीसाठी ६०-७० व्होल्टांचा पीक द्यावा लागतो, तोही स्वच्छ.

ड्रायव्हर म्हणून १२एएक्स७ घेतली, तर तिचा म्यू (ट्यूबचा स्वतःचा कमाल गेन) १०० आहे खरा, पण प्लेट रेझिस्टन्स (ट्यूबचा आतला रोध) साठ हजार ओहमच्या आसपास. समोर ३००बी सारख्या ट्रायोडची मिलर कपॅसिटन्स (गेनमुळे वाढलेली ग्रिडची कपॅसिटन्स) आली की वरचे सूर बोथट होतात. (या मोहात मीही पडलो होतो!) ६एसएन७ चा म्यू फक्त २०, पण रेझिस्टन्स साधारण ७,७०० ओहम. गेन कमी पडला तर मागे एक स्टेज वाढव.

आणि हो, ६एसएन७ चा हीटर (ट्यूब तापवणारी तार) ६.३ व्होल्टला ०.६ अँपिअर खातो, १२एएक्स७ च्या दुप्पट. ट्रान्सफॉर्मरला झेपेल ना?