परदेशात स्वयंसेवक म्हणून गेल्यावर दिवसभर नेमकं काय काम असतं?

तुम्ही विचारलंय की पदवीनंतर काही महिने परदेशातल्या एखाद्या गावाच्या कामावर जायचंय, तर तिथला रोजचा दिवस कसा असतो आणि आपला खरंच काही उपयोग होतो का. मी नोव्हेंबर २०१७ ते मार्च २०१८ नेपाळमध्ये होतो. सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली तामाङ समाजाची एक वस्ती, २०१५च्या भूकंपात पडलेली घरं बांधायचं काम. वय २२, सिव्हिलचा डिप्लोमा नुकताच हातात आलेला. आपण जाऊन लोकांना बांधकाम शिकवणार असा माझा समज होता. पहिल्या आठवड्यात मला दगड वाहायला लावलं. पाचव्या महिन्यातही मी दगडच वाहत होतो, फक्त धडपडायचो कमी.

नेपाळ कसला परदेश, असं आमची मावशी म्हणाली होती. व्हिसा नाही, लिपी आपलीच, घड्याळ तेवढं १५ मिनिटं पुढं. पण लिपी एक असली की फसायला जास्त होतं. सकाळी सगळे ‘घाम लाग्यो, घाम लाग्यो’ म्हणत अंगणात यायचे. एवढ्या थंडीत यांना घाम कसला येतो, असं मला वाटायचं. तिकडं घाम म्हणजे ऊन. आणि दगडाला म्हणतात ढुंगा. दिवसातून पन्नास वेळा तो शब्द ऐकून मराठी माणसाचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

दिवस असा. साडेपाचला आमा चूल पेटवायच्या. आमा म्हणजे आई. साठीच्या बाई, मी त्यांच्याकडं राहायचो. राहायचं म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, कारण घर पडलेलं होतं. काळा चहा पिऊन सहाला बाहेर. नाष्टा नाही. जेवण सकाळी दहाला, डाळ-भात आणि सोबत गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला. त्याचा वास पहिले चार दिवस नको वाटतो, नंतर त्याच्याशिवाय भात जात नाही. अडीचला भाजलेला मका नाहीतर पोहे. संध्याकाळी सातला परत डाळ-भात, कधी नाचणीचा ढिंडो. त्याला ते कोदोचा म्हणतात, पण धान्य आपली नाचणीच. आठला सगळी वस्ती झोपलेली. सुट्टी शनिवारी, रविवारी काम. अंघोळही शनिवारीच, धाऱ्याचं, म्हणजे गावच्या पाणवठ्याचं, पाणी एवढं गार की आठवड्यातून एकदा पुरे.

या दोन जेवणांच्या मधे दगड. पडलेल्या घराचेच दगड निवडून, ‘डोको’मध्ये भरून पाठीवर वर आणायचे. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. तिचा पट्टा कपाळावर घेतात, भार मानेवर येतो. मी दहा दगड घेऊन तीनदा बसायचो, आमा पंधरा घेऊन शेजारणीशी बोलत वर जायच्या.

उपयोगाचं विचारलंत, ते सविस्तर सांगतो. तिथं ‘पर्म’ चालतं. आज मी तुझ्याकडं, उद्या तू माझ्याकडं, पैशाचा व्यवहार नाही. आपली सावड, दुसरं काही नाही. आमांचा मुलगा कतारला, सून नातवंडांच्या शाळेसाठी काठमांडूला. माझ्या वयाची पोरं वस्तीत जवळजवळ नव्हतीच. कतार, मलेशिया, दुबई. मग आमांचं पर्म फेडणार कोण? म्हणून त्यांच्या घराचा पाया खोदून तसाच पडला होता. आमच्या संस्थेनं (काठमांडूतली छोटी संस्था) एक शहाणपण केलं होतं, आम्हाला ‘प्रकल्पावर’ न ठेवता एकेका घराच्या नावावर ठेवलं. मी आमांच्या नावानं दुसऱ्यांकडं राबायचो आणि त्या बदल्यात ती माणसं आमांच्या भिंतीवर यायची. डिप्लोमा नाही, हिंदी-इंग्रजी नाही, दुसऱ्याच्या खात्यावर जमा होणारे दोन हात, एवढीच माझी किंमत होती. आधी राग यायचा. मग हिशेब कळला आणि राग गेला.

भिंत लावायचं काम डकर्मी दाइंचं, म्हणजे गवंडी दादांचं. महिनाभरानं मला वाटलं आता जमेल. ते जेवायला गेले असताना तीन-चार हात लांबीचा थर मी एकट्यानं लावला. बाहेरून बघितलं तर सुरेख, ओळंब्यात. दाइ आले, मधे पहार घातली, जराशी हलवली. आतली बाजू आत गेली, बाहेरची बाहेर. दगड-मातीची भिंत म्हणजे दोन भिंती आणि मधे भर. दोन्हींना धरणारे आरपार दगड नसले की हादऱ्यात त्या एकमेकींना सोडतात. शिवाय ठरावीक उंचीवर लाकडाचा नाहीतर काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींना बांधून घेतो. हे मला पुस्तकात होतं, पेपरातही लिहिलं होतं. हाताला माहीत नव्हतं.

आणि मला तर माहीत असायलाच हवं होतं. माझं गाव औसा तालुक्यात, किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे आमचं माळवदाचं घर असंच गेलं. जाड दगडी भिंती, वर मातीचा भार. मी त्यानंतर पुनर्वसनाच्या गावात जन्मलो. नेपाळचा भूकंप २५ एप्रिल २०१५ला शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला. शाळा बंद होत्या, माणसं शेतात होती. आमच्याकडं पहाटे चारच्या आधी सगळे झोपेत होते. मी कुठून आलोय हे कळल्यावर दाइ एवढंच म्हणाले, ‘मग तुला सांगायला नको.’ आणि लगेच सगळं पहिल्यापासून सांगितलं.

काम सलग चालतं असं समजून जाऊ नका. पाच महिन्यांत निम्मे दिवस गेले वाट बघण्यात. सरकारी अनुदान तेव्हा होतं ३ लाख नेपाळी रुपये, तीन हप्त्यांत: करार झाला की ५० हजार, पाया बघून दीड लाख, भिंती बघून १ लाख. प्रत्येक वेळी इंजिनिअर येऊन बघणार, मग कागद, मग बँक. आल्या आल्या निवडणूक. मग एक मयत. मग लोसार, तामाङांचं नवं वर्ष, त्यात सगळी वस्ती नाचते आणि रक्सीला, म्हणजे घरच्या दारूला, नाही म्हणणं हे वेगळंच काम. अशा दिवशी मी मका सोलायचो, शेळ्यांना पाला आणायचो, शेजारच्या पोरांकडून गणिताच्या नावाखाली नेपाळी शिकायचो. आमच्यातली एक जर्मन मुलगी या रिकामपणानं एवढी वैतागली की दोन महिन्यांत निघून गेली. तिला दोष देत नाही.

भारतीय म्हणून एक गोष्ट ऐकून घ्यायची तयारी ठेवा. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ सीमेवर नाकाबंदी होती. गॅस नाही, पेट्रोल नाही, आणि भूकंपानंतरचा पहिलाच हिवाळा. भारत सरकार म्हणायचं आम्ही अडवलं नाही, सीमेलगतच्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळं ट्रक थांबलेत. चहाच्या दुकानात हे सांगून काही उपयोग नसतो. मी एकदा सांगून बघितलं. दुकानदारानं चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

पैशाचं म्हणाल तर मी आमांना महिन्याला ८ हजार नेपाळी द्यायचो, म्हणजे आपले ५ हजार. प्रवास गोरखपूरपर्यंत रेल्वेनं, सोनौलीला सीमा ओलांडून पुढं बस. मी गेलो तेव्हा शंभरच्या वरच्या भारतीय नोटा तिकडं अधिकृतपणे चालत नव्हत्या. जी संस्था आठवड्याचे डॉलर सांगते आणि पहिल्याच दिवशी ‘लहान मुलांसोबत’ फोटोचं आमिष दाखवते, तिच्यापासून लांब राहा. तिथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांना आई किंवा बाप असतो, आणि ही बालगृहं जिथं पर्यटक येतात तिथंच दाटीनं असतात. पाहुणे येतात म्हणून मुलं आणली जातात. तुम्ही कितीही चांगले असलात तरी तुम्ही गिऱ्हाईकच.

आमांचं घर मार्चमध्ये पत्र्यापर्यंत आलं. दोन खोल्या. मी निघालो तेव्हा इंजिनिअरची शेवटची सही राहिली होती, आणि आमा अजून शेडमध्येच झोपत होत्या. नव्या घरात मका भरला होता आणि रात्री शेळ्या बांधत होत्या. मला जरा लागलं ते. रात्री बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसायला लागले. म्हणाले, आपल्याकडं पण पहिली दोन वर्षं नव्या घरात कडबाच होता, तुझी आजी अंगणात झोपायची.