वाचकांचे प्रश्न: स्पॅनिशची मधली पायरी

प्रश्न : मी मूळची नाशिकची असून टेक्सासमधील एका विद्यापीठात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. परकीय भाषेची अट पूर्ण करण्यासाठी मी स्पॅनिश घेतले. पहिल्या दोन सत्रांत मला उत्तम गुण मिळाले. मात्र तिसऱ्या सत्रात, म्हणजे मध्यम पातळीच्या अभ्यासक्रमात आल्यापासून माझा धीर सुटत चालला आहे. प्राध्यापिका वर्गात केवळ स्पॅनिशमध्ये बोलतात, जवळपास निम्म्या मुलांच्या घरीच ती भाषा बोलली जाते, आणि भूतकाळाच्या दोन रूपांचे व सुबजुन्तिबोचे (इच्छा, शंका इत्यादींसाठीच्या क्रियापदरूपाचे) नियम पाठ करूनही ऐन वेळी मला काही सुचत नाही. वहीच्या एका पानाची प्रत सोबत जोडली आहे. हा विषय सोडून द्यावा का? — एक विद्यार्थिनी, सॅन अँटोनिओ

उत्तर : सोडू नका. तुमच्या वहीचे पान मी दोनदा वाचले आणि मला त्यात अभ्यासाची कमतरता कोठेही दिसली नाही. दिसले ते एवढेच, की तुम्ही स्पॅनिशकडे इंग्रजीच्या वाटेने जात आहात आणि ती वाट या टप्प्यावर लांबची आहे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तुम्ही उच्चार देवनागरीत टिपून ठेवले आहेत. तेथे ‘टू’ आणि ‘टाको’ असे लिहिले आहे. स्पॅनिशमधील हा वर्ण आपला दंत्य ‘त’ आहे. इंग्रजी बोलणाऱ्या तुमच्या वर्गमित्रांना तो महिनोन्‌महिने साधत नाही. तुम्हाला तो जन्मापासून येतो, तरी केवळ इंग्रजीतून शिकल्यामुळे तुम्ही तो ‘ट’ करून टाकला आहे. ‘द’ची गोष्टही तीच. तेव्हा आज रात्री ते पान काढा आणि सगळे ‘ट’ खोडून ‘त’ करा.

त्याच पानावर ‘यो गुस्तो लोस लिब्रोस’ या वाक्याखाली प्राध्यापिकांची लाल रेघ आहे. ही चूक इंग्रजी वाक्याच्या साच्यातून आलेली आहे, कारण तेथे आवडण्याची क्रिया करणारा ‘मी’ असतो. मराठीत मात्र आपण ‘मला पुस्तक आवडते’ आणि ‘मला पुस्तके आवडतात’ असे म्हणतो, आणि क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलते. स्पॅनिशमध्येही अगदी असेच आहे: ‘मे गुस्ता एल लिब्रो’, ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’. ‘माझे डोके दुखते’ यासाठी ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणतात, म्हणजे तेथेही दुखण्याची क्रिया डोकेच करते. ज्या रचनेवर अमेरिकी पाठ्यपुस्तके पानेच्या पाने खर्च करतात, ती तुमच्या आजीच्या तोंडी रोज होती.

आता भूतकाळाकडे वळू, कारण मध्यम पातळीचा खरा डोंगर हाच आहे. पहिल्या दोन सत्रांत नाव, गाव, कुटुंब, जेवणखाण एवढे सांगता आले की भागते. येथून पुढे गोष्ट सांगावी लागते, आणि गोष्ट सांगायची तर प्रेतेरितो (घडून संपलेल्या घटनेचा भूतकाळ) आणि इम्पेर्फेक्तो (चालू असलेल्या किंवा नेहमीच्या क्रियेचा भूतकाळ) यांतून दर वाक्यागणिक निवड करावी लागते. तुम्ही नियमांची जी यादी पाठ केली आहे ती बाजूला ठेवा आणि वाक्य आधी मराठीत मनात म्हणा. ‘लहानपणी मी शाळेत चालत जायचे’ यातील ‘जायचे’ म्हणजे ‘इबा’, आणि ‘काल मी बाजारात गेले’ यातील ‘गेले’ म्हणजे ‘फुई’. ‘मी वाचत होते, तेवढ्यात फोन वाजला’ या वाक्यात ‘वाचत होते’ला ‘लेइया’ आणि ‘वाजला’ला ‘सोनो’ येते. याहून मोलाची मदत अशा क्रियापदांत होते, ज्यांचा अर्थ या दोन रूपांत बदलतो असे पुस्तकात चौकटीत छापलेले असते. ‘साबिया’ म्हणजे ‘मला माहीत होते’ आणि ‘सुपे’ म्हणजे ‘मला कळले’. ‘कोनोसिया’ म्हणजे ‘मी ओळखत होते’ आणि ‘कोनोसी’ म्हणजे ‘माझी ओळख झाली’. माहीत असणे आणि कळणे यांतला फरक मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. ही जोडी सापडली की ती चौकट पाठ करण्याचे कारणच उरत नाही.

एका ठिकाणी मात्र सावध राहा. ‘मी तिथे तीन वर्षे राहत होते’ असे आपण सहज म्हणतो, परंतु मुदत ठरलेली आणि संपलेली असेल तर स्पॅनिशमध्ये प्रेतेरितोच येतो: ‘बिबी आयी त्रेस आन्योस’. येथे मराठीवर विसंबलात तर चूक होईल.

सुबजुन्तिबोबद्दल माझे मत स्पष्ट आहे: हा विषय इंग्रजीतून समजावणे अवघड आहे, मराठीतून त्याचा निम्मा भाग सोपा आहे. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ या वाक्यातील ‘यावे’ म्हणजे ‘किएरो के बेंगा’ मधील ‘बेंगा’. ‘त्याने यावे म्हणून’ म्हणजे ‘पारा के बेंगा’. इच्छा, विनंती, सल्ला, हेतू या सर्व ठिकाणी मनातल्या मराठी वाक्यात ‘यावे, करावे, प्यावे’ आले की स्पॅनिशमध्ये सुबजुन्तिबो येणार असे धरून चाला; तुम्ही क्वचितच चुकाल. उरलेला निम्मा भाग वेगळा शिकावा लागेल. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ यात आपण भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिशला तेथे ‘नो क्रेओ के बेंगा’ हवे असते. ‘तो येईल तेव्हा’ यालाही ‘कुआंदो बेंगा’च म्हणावे लागते. शंका आणि अजून न घडलेली वेळ, या दोन बाबी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सेर आणि एस्तार या ‘असणे’ अर्थाच्या दोन क्रियापदांबाबत मराठी फारशी मदत करत नाही, कारण आपल्याकडे दोहोंना ‘आहे’च म्हणतात. ‘सोय आबुर्रिदा’ म्हणजे ‘मी कंटाळवाणी आहे’ आणि ‘एस्तोय आबुर्रिदा’ म्हणजे ‘मला कंटाळा आला आहे’, अशी वाक्ये जोडीनेच लक्षात ठेवण्याला पर्याय नाही.

मला स्वतःला या भाषेतील जी रचना सर्वांत प्रिय आहे, तिच्याबद्दलही सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलाच्या हातून काचेचा पेला फरशीवर पडून फुटला. तो घाबरून ‘मी फोडला’ अशा अर्थाचे ‘रोम्पी एल बासो’ म्हणाला. मी त्याला विचारले, हेच घरी आईला कसे सांगशील? तो म्हणाला, ‘माझ्या हातून फुटला.’ स्पॅनिशमध्ये यालाच ‘से मे रोम्पियो’ म्हणतात. कर्ता पेला, आणि ‘मे’ म्हणजे ज्याच्या हातून ते घडले तो. ‘से मे ओल्बिदो ला तारेआ’ हे वाक्यही तसेच: गृहपाठ माझ्याकडून राहून गेला. सगळा वर्ग क्षणभर शांत झाला आणि मग मुलांनी आपापली वाक्ये सांगायला सुरुवात केली: माझ्या हातून किल्ली हरवली, माझ्या हातून दूध सांडले. त्या तासानंतर ही रचना कोणी चुकले नाही.

राहिला प्रश्न वर्गमित्रांचा. ज्यांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नका. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांना आजीचे सगळे बोलणे कळते, उत्तरही देता येते, परंतु चार ओळी लिहायच्या म्हटल्या की ऱ्हस्व-दीर्घापासून अडते, हे तुम्ही पाहिले असेल. तुमच्या मेक्सिकन वर्गमैत्रिणीची स्थिती अशीच असते. ‘ब’ या एकाच उच्चाराला स्पॅनिशमध्ये दोन अक्षरे आहेत आणि ‘ह’चे अक्षर लिहितात पण उच्चारत नाहीत, त्यामुळे कानाने शिकलेल्या मुलांचे लेखन नेमके तेथे घसरते; तुम्ही डोळ्यांनी शिकला आहात, म्हणून तुमचे तेथे चुकत नाही. एखादीला आठवड्यातून एक तास मागून घ्या. तिच्या निबंधातील आघातचिन्हे तुम्ही तपासा आणि तिने तुमच्याशी तिच्या घराबद्दल बोलावे. तेथे ‘बोसोत्रोस’ (अनेकांसाठीचे ‘तुम्ही’) ऐकू आले नाही तर गोंधळू नका. लॅटिन अमेरिकेत अनेकांना उद्देशून ‘उस्तेदेस’च म्हणतात. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ (आदरार्थी ‘तुम्ही’) यांतील अंतर तर तुम्हाला समजावून सांगायला नकोच.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो आणि विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिशची बी-१ (मध्यम) पातळी पूर्ण करीत आहे. विद्यापीठाचे प्रमाणपत्र मिळणार असताना ‘देले’ ही स्पॅनिश प्रावीण्याची परीक्षा वेगळी द्यावी का, आणि तयारी कशी करावी? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : स्पेनमध्ये शिकण्याचा किंवा भाषेच्या आधारावर नोकरी बदलण्याचा विचार असेल तर अवश्य द्या; केवळ आवड म्हणून शिकत असाल तर घाई नाही. देलेचे प्रमाणपत्र स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावे इन्स्तितुतो सेर्बांतेस ही संस्था देते, तिचे केंद्र नवी दिल्लीत आहे, आणि या प्रमाणपत्राला मुदत नसते. ‘सिएले’ या दुसऱ्या परीक्षेचे गुण मात्र 5 वर्षेच ग्राह्य धरतात.

बी-१ च्या देलेत वाचन आणि लेखन यांचा एक गट, श्रवण आणि संभाषण यांचा दुसरा गट असतो. प्रत्येक गटात 50 पैकी किमान 30 गुण लागतात. एका गटातील भरघोस गुण दुसऱ्या गटातील उणीव भरून काढू शकत नाहीत, हे आपल्याकडील विद्यार्थ्यांच्या लक्षात उशिरा येते. आपण वाचनात चांगले असतो, व्याकरणात त्याहून चांगले, आणि श्रवणात मार खातो. म्हणून उरलेल्या काळातील निम्म्याहून अधिक वेळ कानाला द्या. एकच तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण घेऊन ते लिखित मजकुराशिवाय पाच वेळा ऐका, दर वेळी जे कळले ते लिहा, आणि शेवटी मजकूर पाहा. नवीन तीस मुद्रणे एकेकदा ऐकण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, असा माझा अनुभव आहे. तोंडी परीक्षेआधी 15 मिनिटे तयारीला मिळतात. त्यात पूर्ण वाक्ये लिहीत बसू नका, केवळ क्रियापदे लिहा.

प्रश्न : मी मडगावचा. घरात आजोबांमुळे पोर्तुगीज येते, म्हणून महाविद्यालयात स्पॅनिशच्या थेट मध्यम वर्गात प्रवेश मिळाला. वाचताना सगळे समजते, पण लिहिले की चुकते. असे का होते? — एक विद्यार्थी, गोवा

उत्तर : जवळची भाषा वाचनात साथ देते आणि लेखनात पाय अडकवते. चावी हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिला. पोर्तुगीजमधील ‘मेसा’ (टेबल) आणि ‘कामिसा’ (सदरा) स्पॅनिशमध्ये तसेच सापडतात, ‘चावे’ची मात्र ‘याबे’ होते. ओळखीचे चेहरे पाहून तुम्ही सावध राहत नाही, आणि मग पोर्तुगीजमधला ‘पोल्वो’ म्हणजे ऑक्टोपस म्हणून लिहिता, तर स्पॅनिश वाचक ‘पोल्बो’ म्हणजे धूळ असे वाचतो. ‘एश्किझितू’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये विचित्र, ‘एक्सकिसितो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये चविष्ट. यजमानीणबाईंच्या स्वयंपाकाबद्दल बोलताना हा फरक जपलेला बरा.

व्याकरणात मात्र तुम्हाला पोर्तुगीजपेक्षा कोकणी अधिक उपयोगी पडेल. पोर्तुगीजमध्ये आवडण्याच्या क्रियेचा कर्ता ‘मी’ असतो, स्पॅनिशमध्ये नसतो. ‘म्हाका आवडटा’ म्हणणाऱ्याला ‘मे गुस्ता’ आपसूक आले पाहिजे. तसेच, माणूस कर्म असेल तर स्पॅनिशमध्ये त्यापूर्वी ‘आ’ लावतात आणि वस्तू असेल तर लावत नाहीत: ‘बेओ ला मेसा’ (मी टेबल पाहतो), पण ‘बेओ आल मेदिको’ (मी डॉक्टरला पाहतो; ‘आ’ आणि ‘एल’ मिळून ‘आल’). पोर्तुगीजमध्ये डॉक्टरही टेबलासारखाच प्रत्ययाविना येतो. कोकणीत डॉक्टराला ‘-क’ लागतो, मराठीत ‘-ला’ लागतो, आणि टेबलाला सहसा काहीच लागत नाही. पुढच्या निबंधात प्रत्येक कर्मापाशी थांबून हे वाक्य घरी कोकणीत कसे म्हणाल ते पाहा; ‘-क’ आला तर ‘आ’ लिहा.