वाचकांचे प्रश्न : धारेमागची बारीक कंबर

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत माझे लहानसे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. फावल्या वेळात सुऱ्या घडवण्याच्या हौसेपोटी मी ५० मिलिमीटर रुंद पट्ट्याचा बेल्ट ग्राइंडर स्वतः तयार केला असून त्याला मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर, १०० मिलिमीटरचे चालक चाक आणि पुढे २०० मिलिमीटर व्यासाचे रबरी चाक बसवले आहे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून ४ मिलिमीटर जाड व ३२ मिलिमीटर रुंद पाते काढून त्याच्या दोन्ही बाजू या चाकावर धारेपासून २४ मिलिमीटर उंचीपर्यंत खोलगट घासल्या आणि पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून तेलात बुडवून पाते कठीण करण्याआधी, धारेवर ०.८ मिलिमीटर जाडी शिल्लक ठेवली. तरीही तेलात बुडवताच धारेचा काठ लाटेसारखा वाकला व एके ठिकाणी धारेला समांतर चीर गेली. शिवाय दोन्ही बाजूंच्या घसाईच्या रेषा एका उंचीवर येत नाहीत. चूक पोलादाची की माझी?

उत्तर : पोलादाला दोष देण्याची घाई करू नये. वर्षानुवर्षे ओझे वाहिलेल्या कमानपाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात हे खरे असले, तरी आपण दिलेली मापे पाहता कारण दुसरीकडेच आहे. आपण धारेवर ०.८ मिलिमीटर जाडी ठेवलीत, मात्र धारेच्या मागे ती तेवढीही उरलेली नाही.

चाकावर घासलेला पृष्ठभाग हा चाकाच्या परिघाचाच तुकडा असतो. तो सपाट घसाईपेक्षा मध्यभागी किती खोल जाईल, हे घसाईच्या उंचीचा वर्ग करून त्याला चाकाच्या व्यासाच्या चौपटीने भागले की कळते. आपल्या बाबतीत २४ चा वर्ग ५७६, त्याला ८०० ने भागले की एका बाजूला सुमारे ०.७ मिलिमीटर येतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून मधल्या भागातून जवळजवळ दीड मिलिमीटर पोलाद जास्तीचे निघून गेले. एवढ्या खोल वर्तुळखंडाचा सर्वांत बारीक भाग मग धारेवर न राहता धारेच्या मागे सरकतो. आपल्या मापांवरून हिशेब केला असता धारेपासून सुमारे ५ मिलिमीटर आत पात्याची जाडी अवघी ०.५ मिलिमीटर भरते. अशा पात्याला कंबर पडली आहे असे म्हणता येईल. तापलेले पाते तेलात गेले की ही कंबर बाहेरच्या काठाच्या आधी थंड होते, दोन्हींचे आकुंचन एकसारखे होत नाही आणि काठ एक तर वाकतो किंवा चिरतो.

ही गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही, यात नवल नाही, कारण व्हर्निअरचे सरळ जबडे धारेच्या बाजूने आत घातले की ते धारेवरच टेकतात आणि ०.८ हाच आकडा दाखवतात. आतली जाडी मोजायची असेल तर टोकदार अणीचा मायक्रोमीटर हवा. मी स्वतः तीन पाती अशीच फुकट घालवल्यानंतर कागद-पेन्सिल हाती घेतली होती.

घसाई कोठवर न्यावी याचा हिशेब असा आहे. पात्याच्या निम्म्या जाडीतून धारेची निम्मी जाडी वजा करावी, येणाऱ्या आकड्याला चाकाच्या व्यासाने गुणावे आणि गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. आपल्यासाठी २ वजा ०.४ म्हणजे १.६, गुणिले २०० म्हणजे ३२०, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १८. तेव्हा २०० मिलिमीटरच्या चाकावर, ४ मिलिमीटरच्या पात्याची घसाई १८ मिलिमीटरच्या वर नेऊ नये. २५० मिलिमीटरच्या चाकावर ही मर्यादा २० मिलिमीटर होते आणि ३५० मिलिमीटरच्या चाकावर ती २४ च्या अगदी जवळ पोहोचते. मोठे चाक महाग पडते आणि त्याच्यासाठी ग्राइंडरचा सांगाडाही बदलावा लागतो, म्हणून तूर्त मी आपल्याला नवे चाक घेण्याचा सल्ला देणार नाही. पाते २५ मिलिमीटर रुंद ठेवावे, घसाई १७ मिलिमीटरवर थांबवावी आणि पाठीकडचा उरलेला भाग सपाट सोडून द्यावा. दिसायलाही ते पाते देखणे दिसते.

रेषा जुळत नाहीत याचे मूळ खुणांमध्ये आणि उभे राहण्याच्या पद्धतीत असते. धारेचा काठ निळ्या मार्करने रंगवून पाते सपाट काचेवर आडवे ठेवावे आणि ३.२ मिलिमीटर जाडीचे ड्रिल बिट त्याच काचेवर आडवे टेकवून त्याच्या टोकाने काठावर रेघ ओढावी, मग पाते उलटून पुन्हा तेच करावे. ड्रिलचे टोक त्याच्या जाडीच्या मध्यावर असल्याने ४ मिलिमीटरच्या पात्यावर या दोन रेघांमध्ये बरोबर ०.८ मिलिमीटर अंतर राहते. प्रथम पाते ४५ अंशांत धरून दोन्ही बाजू या रेघांपर्यंत उतरवाव्यात आणि त्यानंतरच खरी घसाई सुरू करावी. कोऱ्या पट्ट्याला पात्याचा उभा कोपरा दिला तर पट्टा लगेच बोथट होतो, तेही यामुळे टळते.

धार वर आणि पाठ खाली ठेवून पाते चाकाच्या मध्यरेषेवर टेकवावे. कोपरे बरगड्यांशी घट्ट ठेवावेत आणि हात न सरकवता कमरेपासून सगळे शरीर एका संथ लयीत बाजूला न्यावे. सुरुवात पात्याच्या मुठीजवळच्या खांद्यापासून, म्हणजे जेथून घसाई सुरू होते त्या पायरीपासून, करावी, टोकाकडे धार वळू लागली की मूठ किंचित खाली नेऊन धार आडवी राखावी आणि टोक पट्ट्याच्या मध्यावर येताच पाते उचलावे, नाहीतर टोक गोल होऊन बसते. मध्येच थांबलेल्या जागी खड्डा पडतो. एकदा चाकाने आपली खोबण पाडली की ती बोटांना जाणवते, आणि प्रत्येक फेरीत पाते त्याच खोबणीत बसते आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा बोटेच आधी सांगतात. उंची वाढवायची असेल तेव्हा दाब हळूहळू पाठीकडे सरकवावा. एक बाजू संपवून दुसरीला हात घालू नये. चार फेऱ्या इकडे, चार तिकडे, असे करावे. उजव्या हाताने काम करणाऱ्याची जी बाजू डाव्या हातात मूठ धरून घासली जाते तीच बहुधा बिघडते, म्हणून प्रत्येक वेळी तिच्यापासून सुरुवात करावी आणि चांगल्या बाजूला तिच्याशी जुळवून घ्यावे.

आपल्या मोटरीमुळे पट्टा सेकंदाला सुमारे साडेसात मीटर धावतो. शिकाऊ हाताला हा वेग योग्य आहे, तो वाढवू नये.

पाणी दिल्यानंतरच्या घसाईत मात्र नवा, तीक्ष्ण पट्टा वापरावा, उघड्या बोटांनी उष्णता जाणून घ्यावी आणि दर फेरीनंतर पाते पाण्यात बुडवावे. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत टाकीचे पाणीच अंघोळीला घेण्याइतके गरम असते, तेव्हा बादली माठातल्या पाण्याने भरली तरी चालेल. धारेवर पिवळसर छटा दिसली की तापमान २२० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले असे समजावे. निळी दिसली तर ते ३०० च्या जवळ गेले आणि तेथले पाणी उतरले. वरचा निळा रंग घासून काढल्याने गेलेला कठीणपणा परत येत नाही. नाकातोंडावर धूळ अडवणारा चांगला मास्क हवाच, आणि मुठीच्या लाकडाचा भुसा ठिणग्यांच्या वाटेत साठू देऊ नये.

प्रश्न : आमची खानावळ आहे. स्वयंपाकघरातील सुऱ्या अशा खोलगट घासून घेतल्यास त्या अधिक चालतील का?

उत्तर : कांदा, टोमॅटो, मटण यांसाठी त्या सुरेख चालतील. लाल भोपळ्याला किंवा सुरणाला हात घातलात की मात्र बारीक धार सहज आत शिरते आणि खोलगट भाग संपून जेथे जाडी एकदम वाढते तेथे सुरी अडकते. मग जोर लावला की भोपळा चिरला न जाता फुटतो. या घसाईचा जन्म कातडीसारख्या मऊ वस्तूंसाठी आहे. न्हाव्याचा वस्तरा तिचे सर्वांत जुने ओळखीचे रूप होय, आणि हौशी कारागिरांमध्ये तिची आवड रुजवण्यात अमेरिकेतील बॉब लव्हलेस (१९२९-२०१०) यांच्या शिकारी सुऱ्यांचा मोठा वाटा आहे. खानावळीसाठी सपाट घसाईची एक आणि खोलगट घसाईची एक अशा दोन सुऱ्या ठेवाव्यात. उसाचा कोयता मात्र कोणी सांगितले तरी असा घासून घेऊ नये.

प्रश्न : आमच्याकडे शाळेचे गणवेश शिवले जातात. कापड कापण्याच्या मोठ्या कात्र्यांना बेल्ट ग्राइंडरवर धार लावून घ्यावी का?

उत्तर : बाहेरचा उतार जाणकाराकडून जरूर लावून घ्यावा. आतल्या, एकमेकांसमोर येणाऱ्या बाजूंना पट्टा लागू देऊ नये. त्या कारखान्यातूनच किंचित खोलगट आलेल्या असतात, त्यामुळे दोन पाती फक्त धारेवर एकमेकांना भिडतात. तो खोलगटपणा कोणी सपाट करून दिला की कात्री कापड कापण्याऐवजी चावू लागते.