मुलगी चाचणीत 'श्राव्य' निघाली, मग पुस्तक बाजूला ठेवून धड्यांचे ऑडिओच ऐकवायचे का?

नका ऐकवू. निदान त्या चाचणीच्या भरवशावर तरी नको.

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी यंदा दहावीला आहे, शाळेत कुणीतरी येऊन फॉर्म भरून घेतला, त्यात ती 'श्राव्य', म्हणजे ऐकून चांगलं शिकणारी, निघाली आणि तेव्हापासून घरात धड्यांचे ऑडिओ चालू आहेत. मी अमळनेरला दहावीच्या गणित-विज्ञानाचे क्लास घेतो. हे खूळ माझ्याही डोक्यात होतं. एका शिबिरातून आलो तो थेट हजेरीच्या वहीत प्रत्येक नावापुढे दृ, श्रा, कृ लिहायलाच बसलो. दृश्यवाल्यांना रंगीत तक्ते, श्राव्यवाल्यांना सगळं तोंडी, कृतीवाल्यांच्या हातात भिंगं आणि तारा. दोन-अडीच महिने चाललं. पोरं खूश, पालक त्याहून खूश. सहामाहीचे मार्क मात्र होते तिथेच.

त्यात एक मुलगा होता, जवळच्या खेड्यातून सायकलनं यायचा. पक्का 'श्रा'. पुस्तक उघडलं की जांभया, मी सांगितलं की चटकन कळायचं. फार उशिरा माझ्या लक्षात आलं की फळ्यापाशी मी अर्धं अहिराणीतच बोलतो. पुस्तकातलं 'अपवर्तन', 'आपाती किरण' आलं की गडी तिथेच अडकायचा. 'काचमा शिरना की किरण वाकस' म्हटलं की झालं काम. त्याच्या कानात काही विशेष नव्हतं, पुस्तकाची मराठी त्याला परकी होती. मग प्रत्येक धड्यातले असे अडणारे शब्द एका वहीत उतरवून घेतले, शेजारी घरच्या बोलीत अर्थ. दिवाळीनंतर तो स्वतः वाचायला लागला. मी वहीतलं 'श्रा' खोडलं, आणि मग बाकीच्यांचंही.

दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती अशी विभागणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या 'व्हार्क' प्रश्नावलीमुळे जगभर पसरली. ती विचारते तुम्हाला काय आवडतं. आवडतं त्या पद्धतीनं शिकवल्यावर जास्त येतं का, हा प्रश्न वेगळा. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन चाळलं, तेव्हा त्याला पुरेसा पुरावा सापडला नाही. आवड खोटी नसते, पण तिच्यावर वेळापत्रक बांधण्याइतका आधार नाही.

माध्यम ठरतं ते विषयावरून. माझे मामा चोपड्याकडे केळी करतात. माल कटाईला आला की नाही हे ते फळाच्या कडा बघून ठरवतात. धारदार कडा बोथट होऊन केळ गोलसर झालं की झालं. हे कितीही 'श्राव्य' माणसाला नुसतं ऐकवून येईल का? त्याला बागेत न्यावंच लागेल. तसंच भिंगाच्या किरणाकृती काढूनच येतात, गणित सोडवूनच येतं, आणि कवितेची चाल कानानंच कळते.

आता मुलीचं. तिला ऐकायला-बोलायला आवडतं ना, मग तिला बोलू द्या. पण तिनं ऐकायचं नाही, सांगायचं. धडा वाचून पुस्तक मिटायचं आणि आजीला समजावायचं. आजीनं मध्येच 'म्हणजे काय वं?' विचारलं तर उत्तम. जिथे अडेल तेवढंच पुन्हा वाचायचं. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं उलटं झालं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. आपली पोरं फसतात ती त्या पाच मिनिटांना. रात्री वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरला पाटी कोरी.

हेच आठवणं दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणं सलग नकोत. वर्गसमीकरण, मग त्रिकोणमिती, मग परत वर्गसमीकरण, असं मिसळून द्या. चिडेल, कारण चुका जास्त होतात. होऊ द्या. उजळणीची वेळ मात्र पहाटेची ठेवा; आपल्याकडे मार्चात दुपारी पत्र्याखाली बसून कुणाचंच डोकं चालत नाही.

एक गोष्ट मात्र आधी बघून घ्या. तिला वाचायचा कंटाळा आहे की वाचणंच जड जातं? ओळ सुटत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, फळा दिसत नसेल, तर आधी डोळे तपासा. चष्म्यानंही भागलं नाही तर शाळेत बोलून अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्या. अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती असतात, पण त्यासाठी कागदपत्रं परीक्षेच्या बरीच आधी लागतात. दिवाळीपर्यंत थांबू नका.