खुकरीवर बाणाची खूण आणि १९१७ आहे. ती खरंच पहिल्या महायुद्धातली असेल का?

शक्यता चांगली आहे, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आकडा नंतरही ठोकता येतो, बांधणी बदलणं कठीण. आधी मूठ बघा. मार्क २ या पहिल्या महायुद्धातल्या लष्करी खुकरीच्या प्रकारात पात्याचं लोखंड मुठीच्या टोकापर्यंत सलग जातं, दोन्ही बाजूंच्या लाकडी फळ्यांच्या मधे ते कडेने दिसतं, आणि फळ्या रिव्हेटने बसवलेल्या असतात. १९१७ सालाला हीच बांधणी जुळते. लोखंड कडेने दिसतच नसेल, तर शंका घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या मार्क ३ वर बहुधा १९४३ ते १९४५ ही सालं सापडतात.

बाणाची खूण म्हणजे सरकारी मालमत्ता. बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची.

पात्यावर देवनागरी अक्षरं दिसली तर दिशाच बदलते: ती नेपाळच्या फौजेची असू शकते. तिथल्या शस्त्रागारातल्या हजारो जुन्या खुकऱ्या २००३ च्या सुमारास अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या, म्हणून त्या आज जगभर दिसतात. त्यावरचे पलटणीचे ठसे आपल्याला थेट वाचता येतात, हा आपला मोठा फायदा आहे. साल विक्रम संवतात असेल तर ५६-५७ वजा करा.

सिंहमुखी मूठ, पितळी नक्षी असेल तर ती बहुतेक पर्यटकांसाठीची.

आणि कृपा करून पॉलिश पेपर लावू नका! उथळ ठसे त्यात कायमचे जातात. मऊ कापडाला थोडं तेल लावून पुसा, तिरप्या उजेडात फोटो काढा आणि मुठीच्या कडेचा फोटो इथे टाका.