पाळकसाहेबांना भेटायला कोण जातं?

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीत बदलून आलेले पाळकसाहेब (धर्मगुरू) सुरुवातीला फार उत्साही होते. अलीकडे उपदेश कागदावरून वाचून काढतात, घरभेटी जवळजवळ बंद आहेत. मागे एका दफनविधीत मयताचं नाव चुकलं. घरच्यांनी सांगितल्यावर त्यांना रडूच कोसळलं. कमिटीतले काही जण बिशपसाहेबांकडे बदलीसाठी अर्ज करू म्हणतात. देवाच्या सेवकाने असं खचावं का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : सलाम. तो अर्ज आधी थांबवा.

एलिया संदेष्टाही खचला होता. बायबलमधला 1 राजे, अध्याय 19 काढून वाचा. झुडपाखाली पडून तो मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला बोध केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं आणि उठवून पुन्हा जेवू घातलं. प्रेषित पौलाने तर तुरुंगातून आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहिलं, की त्रोवस गावात राहिलेला माझा झगा आण आणि हिवाळ्याआधी ये. थंडी वाजते हे सांगायला त्याला कुणीतरी होतं. तुमच्या पाळकांना कोण आहे? वर बिशपसाहेब, समोर मंडळी आणि बदलीच्या गावात ना भाऊ ना मेहुणा.

मी पाळकाची मुलगी, नाशिकच्या शरणपुरात वाढले. 1854 पासूनची ती ख्रिस्ती वस्ती. तिथे पाळक म्हणजे घरचाच माणूस, म्हणून वेळ-अवेळ कुणी बघायचं नाही. बाबा दफनविधीहून येत, मोरीत पायांची माती धूत, आईने काढून ठेवलेला दुसरा सदरा चढवत आणि तसेच कुणाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला जात. एका घरचं रडणं मनातून उतरायच्या आत दुसऱ्या घरी हसायचं. त्यांना टायफॉइड झाला तेव्हा मंडळीतले लोक दारातूनच विचारत, “रविवारची उपासना कोण घेणार?” डबा आला तो शेजारच्या मुसलमान चाचींकडून. हे मला आजही बोचतं.

तेव्हा तुमच्यापैकी एका जोडप्याने त्यांच्या घरी जावं. पाळकबाईंशीही बोला, त्यांचं तर कुणीच ऐकत नाही. “सगळं ठीक ना?” असं विचारलंत तर “ठीक आहे” एवढंच ऐकू येईल. त्यापेक्षा काम उचला. सिव्हिलमधल्या आजाऱ्यांच्या भेटी वडीलजनांनी, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांनी, वाटून घ्याव्यात. एकट्याने सगळा भार घेऊ नकोस, हे सासऱ्याने, इथ्रोने, मोशेलाही सांगितलंच होतं (निर्गम 18). मयताचं नाव, वय, नातेवाईक हे कुणीतरी लिहून विधीआधी त्यांच्या हातात द्यावं. ज्या घरी नाव चुकलं तिथे त्यांच्यासोबत तुम्ही जा. आणि सोमवार त्यांचा. त्या दिवशी फोन सचिवांनी घ्यावेत, मरणाचा निरोप सोडून.

पैशांची अफरातफर किंवा कुणाशी गैरवर्तन असतं, तर मीच तुम्हाला अर्ज करायला सांगितलं असतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. प्रार्थना चालू ठेवून दाखवा, त्यात विश्वास कमी पडत नाही. फी मंडळीने भरावी. कमिटीच्या हिशेबात नुसतं ‘वैद्यकीय खर्च’ लिहा. कुणाला, कशासाठी, हे खजिनदारांच्या पलीकडे जायला नको.